बोट ट्रेलरवर घेताना ट्रेलर किती बुडवायचा आणि कुणी कुठे उभं राहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की १८ फुटी फायबर बोट, मागे बाहेरून लटकवलेलं ४० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे आउटबोर्ड, मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीच्या बाजूला नांगरलेली, आणि पाऊस लागायच्या आत ती ट्रेलरवर घेऊन घरच्या आवारात आणायचीय. मागच्या वर्षी बोट वाकडी बसली, परत पाण्यात सोडून परत ओढावी लागली, त्या गडबडीत विंचचं, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या हाताने फिरवायच्या चरख्याचं, हँडल सुटलं आणि एकाच्या मनगटावर बसलं. आणि आता शेजारचे सांगतायत की विंच कशाला फिरवत बसता, इंजिन चालू ठेवा, थोडा थ्रॉटल द्या, बोट आपोआप चढते. तर ह्या शेवटच्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, नको. का नको ते खाली सांगतो.

मी ह्याच पट्ट्यात वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी चालवतो आणि दर मे महिन्यात आमच्या आणि आजूबाजूच्यांच्या बोटी वर काढायचं काम अंगावर असतंच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, वॉटर स्पोर्ट्स पण पावसाळ्यात बंद, म्हणजे मे संपत आला की सगळ्यांना एकाच आठवड्यात बोट वर पाहिजे असते आणि ट्रॅक्टरवाला मात्र एकच. जे काय हातपाय मोडतात ते ह्या घाईत. म्हणून पहिलं काम म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला १५-२० मे च्या आत सांगून ठेवा, आणि त्याच्या सवडीने दिवस ठरवू नका, पाण्याच्या सवडीने ठरवा.

एक गोष्ट डोक्यात पक्की धरा, बाकी सगळं त्यातूनच येतं. बोट चढवायला ताकद लागत असेल तर ट्रेलर चुकीच्या जागी आहे. पाणी तुमची बोट फुकटात उचलून धरतंय, तुम्ही फक्त ट्रेलर तिच्या खाली बरोबर नेऊन ठेवायचा आणि वर यायचं. चार माणसं दात ओठ खात ढकलतायत, पाचवा विंचला लटकलाय असं दिसलं की समजायचं कुठेतरी पाणी कमी पडलंय नाहीतर जास्त झालंय.

आता दिवस. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं, पण बोट काढताना कोण हिशोब करत नाही. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. म्हणजे अष्टमी ते दशमीच्या दरम्यान सकाळी सहा ते साडेसातला पाणी भरलेलं असतं, तेव्हा भांगाचे दिवस असतात म्हणून पाणी फार चढत नाही, फार उतरत पण नाही, खाडीला ओढ कमी, आणि सकाळी वारा पडलेला. बोट चढवायला ह्याहून चांगली वेळ नाही. उलट अमावस्या-पौर्णिमेला भरती सव्वा अकराच्या आसपास येते, तोवर पश्चिमेचा वारा सुरू झालेला असतो, उधाणाचं पाणी, आणि एकदा ओहोटी लागली की पाणी डोळ्यादेखत खाली जातं. तुम्ही बोटीची दोरी सोडवून येईपर्यंत ट्रेलर कोरडा. पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे, दिवस निवडायला चांगला, पण नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा. आणि ज्या रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उतारावर, भांगाच्या भरतीला पुरेसं पाणीच येत नाही तिथे हे चालणार नाही, तिथे एकादशी-द्वादशीपर्यंत थांबा, पण पौर्णिमेपर्यंत नको.

जागेबद्दल. तुमच्याकडे एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला खाडी, तर खाडीच. समुद्राच्या बाजूला मे अखेरीस लाट उठलेली असते, बोट ट्रेलरवर अर्धी चढली की मागची बाजू लाटेकडे राहते, आणि आउटबोर्डच्या बोटीचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन लावतात ती मागची उभी भिंत, तिथेच सगळ्यात बुटका असतो. एक बरी लाट आत आली की झालं. पुळणीवर घ्यायचीच वेळ आली तर पूर्ण भरतीला घेऊ नका, कारण तेव्हा ट्रॅक्टरची चाकं वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत असतात. भरती उतरायला लागून तास-दीड तास झाला की खालची ओली, घट्ट वाळू मोकळी होते, त्यावर चाक धरतं. आणि ट्रॅक्टर रुतलाच तर पाणी लांब जात असतं, जवळ येत नसतं. चढत्या पाण्यात पुळणीवर ट्रॅक्टर रुतणं म्हणजे काय ते ज्याने बघितलंय तो परत तसं करत नाही. थार वगैरे फोर बाय फोर वापरणार असाल तर टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, ट्रेलरच्या टायरची पण थोडी उतरवा, आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी भरा. सोबत पंप न्या, पेट्रोल पंपापर्यंत तसंच जाऊ म्हणू नका.

रॅम्पवर उतरायच्या आधी ट्रेलर वरच उभा करून बघून घ्यायचं. लाइटची पिन काढायची, कारण गरम बल्ब गार पाण्यात गेला की फुटतो आणि पाणी वायरिंगमध्ये शिरून फ्यूज उडतो. ट्रेलर लांबून ओढत आणला असेल तर चाकाच्या हबला हात लावा. गरम असेल तर वीस-तीस मिनिटं थांबा. गरम हब एकदम पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढून घेतं, ग्रीस पांढरं पडतं, आणि दोन महिन्यांनी रस्त्यात बेअरिंग जाम होतं तेव्हा लोक टायरवाल्याला शिव्या घालतात. विंचचा पट्टा किंवा वायर पूर्ण सोडून बघा, वायरच्या तारा तुटून काट्यासारख्या वर आल्या असतील तर ती वायर फेकून द्या, हातमोजे घालून चालवू असं नाही.

बोटीतलं पाणी आधी काढा. ह्याकडे कोणी लक्ष देत नाही. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळाला फक्त १० सेंटिमीटर पाणी साचलं तरी पावणेचारशे लिटर होतं, म्हणजे पावणेचारशे किलो. तुमचा रिकामा हल, म्हणजे बोटीचं नुसतं धड, चारशे-पाचशे किलोचा, इंजिन पंच्याहत्तर किलोच्या आसपास, म्हणजे पाण्यानेच वजन जवळजवळ पाऊणपट वाढलं. शिवाय ते पाणी हलतं, बोट वर तिरकी झाली की सगळं धावत ट्रान्समला जातं आणि ट्रेलरचं पुढचं टोक उचलतं. जास्तीचे पेट्रोलचे कॅन, नांगर, साखळी, टुरिस्टची जॅकेटं, सगळं आधी उतरवून घ्या. २४ लिटरची टाकी भरलेली असली तरी अठरा किलोच पेट्रोल असतं, पण असे चार-पाच डाग मिळून माणसाएवढं वजन होतं.

आता मुख्य मुद्दा, ट्रेलर किती बुडवायचा. तुमच्या वर्णनावरून बंकवाला ट्रेलर दिसतोय, म्हणजे दोन लांब लाकडी फळ्या आणि वर कार्पेट ठोकलेलं. आधी ट्रेलर खोल नेऊन फळ्या पूर्ण भिजवून घ्या, कोरडं कार्पेट फायबरला चिकटल्यासारखं धरतं. मग पुढे घ्या, इतकं की फळ्यांचा पुढचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याच्या वर दिसेल. मडगार्डचा वरचा काठ पाण्याला जेमतेम टेकलेला, हे बहुतेक रॅम्पवर जुळणारं माप. रोलरवाला ट्रेलर असता तर ह्याहून कमी बुडवून चाललं असतं, पण फायबरच्या बोटीला मला स्वतःला रोलर आवडत नाहीत, सगळं वजन चार-सहा ठिपक्यांवर येतं आणि दोन-तीन सीझनमध्ये जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थराला, तडे दिसायला लागतात. ज्यांना कोरड्या वाळूत ओढायचं असतं त्यांना रोलरशिवाय पर्याय नाही, तो भाग वेगळा.

तुमची बोट वाकडी का बसली तर ट्रेलर जास्त खोल गेला होता, मला जवळपास खात्री आहे. कसं होतं बघा. ट्रेलर खोल असला की बोट फळ्यांच्या वर नुसती तरंगत असते. पुढचं टोक विंच पोस्टच्या, म्हणजे विंच बसवलेल्या खांबाच्या, रबराला टेकतं, सगळे म्हणतात बसली बसली, ट्रॅक्टरवाला गिअर टाकतो. पण मागची बाजू अजून कशालाच टेकलेली नाही, खाडीचं पाणी तिला हळूच एका बाजूला सरकवतं, आणि ट्रेलर वर येईल तशी ती जिथे असेल तिथे बसते, एक बाजू फळीवर आणि दुसरी अर्धी बाहेर. वरून उभं राहून बघणाऱ्याला हे कळतच नाही कारण तो पुढच्या टोकाकडे बघत असतो. आणि कमी बुडवला तर उलटं, बोट अर्ध्यावरच फळीवर घासायला लागते आणि उरलेलं सगळं विंचने ओढायला लागतं, मग हँडल सुटणं वगैरे तिथूनच.

ह्याला उपाय सोपा आहे. ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना उभे पाइप लावून घ्या, आत जीआय पाइप आणि वरून पीव्हीसी चढवलेला, छातीएवढे उंच. गढूळ पाण्यात ट्रेलर कुठे आहे ते ड्रायव्हरलाही दिसतं आणि बोटवाल्यालाही, आणि बोट आपसूक मध्ये राहते. बोट नीट बसली त्या वेळी पाणी पाइपवर कुठपर्यंत होतं तिथे लाल रंगाची पट्टी मारा. त्याच रॅम्पवर पुढच्या वेळी पट्टीपर्यंत बुडवायचं, विषय संपला. दुसऱ्या रॅम्पचा उतार वेगळा असेल तर ती पट्टी उपयोगाची नाही हे लक्षात असू द्या. तसंच ट्रान्समच्या बरोबर मध्ये एक खूण आणि ट्रेलरच्या मागच्या आडव्या चॅनेलच्या मध्ये एक खूण करून ठेवा. ट्रेलर हळूहळू वर घ्यायचा, बोटीची मागची बाजू फळीला टेकते न टेकते तोच थांबायचं आणि मागून, पण बाजूला उभं राहून, दोन खुणा जुळतात का बघायचं. जुळत नसतील तर फूटभर परत मागे, बोट परत तरंगते, दोरीने सरळ करायची. पाण्यात हे काम दोन बोटांचं आहे. बाहेर आल्यावर पहार घालून सरकवायला जाल तर हल फाटेल.

बोट आणायची कशी. खाडीत ओढ ज्या बाजूने येत असेल त्या बाजूला थोडं वर जाऊन मग ट्रेलरकडे यायचं, म्हणजे पाणी तुम्हाला ट्रेलरवर आणून सोडतं, ट्रेलरच्या पलीकडे नेत नाही. बोटीत एकच माणूस, जॅकेट घालून, किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली. पुढच्या टोकाला एक दोरी आणि मागे वरच्या ओढीच्या बाजूला एक दोरी, दोन्ही दोऱ्या किनाऱ्यावरच्या दोघांकडे. कमरेएवढं पाणी आलं की इंजिन न्यूट्रल, बंद, आणि टिल्ट करून वर. तिथून पुढे सगळं दोरीने.

आता त्या थ्रॉटलच्या सल्ल्याबद्दल. इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढते, खोटं नाही. पण पंखा जेवढं पाणी मागे फेकतो तेवढ्या पाण्याबरोबर वाळू पण उडते. रॅम्पचं काँक्रीट जिथे संपतं नेमक्या तिथे खड्डा पडतो आणि त्याच्या मागे उंचवटा तयार होतो. मग एखाद्या दिवशी ट्रेलरची चाकं त्या काठावरून खाली उतरतात आणि ॲक्सल काँक्रीटला अडकतो, ट्रॅक्टर ओढेल तर ॲक्सल वाकेल नाहीतर स्प्रिंगचा यू-बोल्ट तुटेल. रॅम्प सगळ्यांचा असतो, खड्डा पाडणारा एक आणि अडकणारा दुसरा. तुमच्या स्वतःच्या इंजिनालाही त्रास आहेच. उथळ पाण्यात इंजिन वाळूमिश्रित पाणी खेचतं, वॉटर पंपाच्या रबरी इम्पेलरच्या पात्या घासतात, थंड पाण्याची धार बारीक होते, आणि ऑक्टोबरात सीझन सुरू झाल्यावर इंजिन गरम होतंय म्हणून मेकॅनिक शोधत फिरायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाण्यात माणसं उभी असताना पंखा फिरत असतो. कोणाचा पाय घसरला की पुढचं बोलायलाच नको. रॅम्पवर शेवाळ असतं, घसरणारा घसरतोच.

आता माणसांचं. ड्रायव्हर एक, बोटीत एक, दोन दोऱ्यांना दोन, आणि हाक मारणारा एक. हाक मारणारा एकच, बाकी सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं, कारण पाच जण "घे घे, थांब, आजून जरा" ओरडतात तेव्हा ड्रायव्हर ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. "थांब" हा शब्द मात्र कोणीही ओरडला तरी थांबायचं. ट्रेलर मागे जात असताना त्याच्या मागे कोणी नाही, आणि ट्रॅक्टर आणि ट्रेलरच्या मधल्या जागेत कधीच कोणी नाही, पिन अडकवताना सुद्धा ट्रॅक्टर पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही. शनिवार-रविवार असेल तर टुरिस्टची पोरं जवळ येतात, व्हिडिओ काढतात, एक माणूस त्यांच्यावर लक्ष ठेवायलाच लागतो. पिकअप किंवा कार असेल तर रॅम्पवर उतरताना ड्रायव्हरने काच खाली आणि सीटबेल्ट काढलेला ठेवावा, गाडी पाण्यात गेलीच तर बाहेर पडता आलं पाहिजे. गाडी थांबली की हँडब्रेक, गिअरमध्ये, आणि चाकाखाली लाकडी पाचर. दगड ओल्या रॅम्पवर सरकतो, पाचरच पाहिजे, आणि पाचरीला दोरी बांधलेली असली की काढताना वाकून चाकाखाली हात घालायला लागत नाही.

ट्रॅक्टरची मागची चाकं खाऱ्या पाण्यात जायची वेळच येऊ देऊ नका. कुडाळला कोणत्याही फॅब्रिकेटरकडून जाड चौकोनी पाइपचा सात-आठ फुटी वाढीव ड्रॉबार करून घ्या, दोन्ही टोकांना पिन. काही जण ट्रेलर सोडून नुसत्या दोरीने खाली उतरवतात, ते मला पटत नाही, दोरी तुटली तर ट्रेलर थेट खाडीत आणि वाटेत जो असेल तो पण.

पायात काहीतरी घाला. रॅम्पच्या कडेला आणि जेटीच्या खांबांना कालवं धरलेली असतात, ती ब्लेडसारखी कापतात आणि जखम लवकर भरत नाही. वाळूच्या तळावर चालत असाल तर पाय उचलून न टाकता घासत चाला, पाकट वाळूत लपून बसतं, पाय घासला की ते निघून जातं, वर पाय पडला की काटा मारतं.

विंचबद्दल वेगळं सांगतो कारण तुमच्याकडे मनगट दुखावलंय. हँड विंचला एक छोटा खटका असतो, दातऱ्यांवर टक टक करत बसणारा. तो खटका बसलेला असेल तर हँडल सोडलं तरी उलटं फिरत नाही. खटका गंजला किंवा त्याची स्प्रिंग ढिली झाली की तो अर्धवट बसतो, आवाज येतो पण धरत नाही, आणि बोटीचं वजन आलं की हँडल पंख्यासारखं उलटं फिरतं. त्या वेळी ते हाताने पकडायला जायचं नाही, कितीही वाटलं तरी. मागे व्हायचं, बोट पाण्यात जाऊ दे, परत आणता येते. दर वेळी सुरुवातीला अर्धा फूट ओढून, हँडलवरचा हात हलका सोडून खटका धरतो का ते बघा, मगच पुढे. खटक्याला तेल घाला, पण ब्रेकवाला विंच असेल तर ब्रेकच्या चकत्यांना तेल लागू देऊ नका, ते घसरतील. विंच फिरवणारा माणूस बाजूला उभा पाहिजे, पट्ट्याच्या रेषेत नाही, आणि बाकी कोणी ताणलेल्या पट्ट्यावरून पाय टाकून पलीकडे जायचं नाही. वायर असेल तर तिच्या मध्यावर एक ओलं गोणपाट टाकून ठेवा, तुटली तर झटका कमी बसतो. नायलॉनची दोरी विंचला लावू नका, ती ताणली जाते आणि तुटली की सगळा ताण एकदम परत येतो. पॉलिएस्टरचा पट्टा बरा.

बोट बसली, पुढचं टोक रबराला घट्ट टेकलं, की पट्टा असला तरी वेगळी साखळी लावा, बो-आयपासून (बोटीच्या पुढच्या टोकाच्या कडीपासून) ट्रेलरच्या पोस्टला. विंच हा ओढायला आहे, धरून ठेवायला नाही, रॅम्पवर चढतानाच पट्टा तुटून बोट मागे सरकून काँक्रीटवर बसते हा प्रकार जगभर होतो. मग थोडं वर, पूर्ण पाण्याबाहेर पण अजून उतारावरच थांबा आणि मागचं बूच काढा. पुढचं टोक वर असल्यामुळे उरलंसुरलं पाणी आपोआप निघून जातं. सपाटीवर आल्यावर काढाल तर बादली आणि तांब्या घेऊन बसावं लागेल. बूच काढलं की ते किल स्विचच्या दोरीला बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी इंजिन चालू करायला दोरी हातात घ्याल तेव्हा बूच समोर येईल.

रस्त्यावर निघायच्या आधी मागच्या दोन्ही कोपऱ्यांना ट्रान्समच्या रिंगांपासून ट्रेलरच्या चॅसीला रॅचेट बेल्ट. बेल्ट रेलिंगवरून किंवा क्लीटवरून (दोरी बांधायच्या खुंटीवरून) टाकू नका. इंजिन टिल्ट करून त्याचा जो छोटा सपोर्ट लिव्हर असतो त्यावर सोडून देतात लोक, तो बोट उभी असताना वापरायला आहे, प्रवासाला नाही. खड्ड्यात पंच्याहत्तर किलोचं इंजिन उसळतं आणि सगळा दणका ट्रान्समवर बसतो. इंजिन आणि ट्रेलरच्या मध्ये लाकडी ठोकळा किंवा आधाराचा दांडा लावून बांधा. पेट्रोलची नळी काढा, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करा.

आणि पुढचं वजन बघा. बोट आणि ट्रेलर मिळून ९०० किलो असेल तर हिचवर (गाडीला जोडायच्या टोकावर) ६० ते ९० किलो पडलं पाहिजे, म्हणजे साधारण ७ ते १० टक्के. आउटबोर्डमुळे मागे जड असतं, हिचवर वजन कमी पडलं तर ट्रेलर ४०-५० च्या स्पीडलाच शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की ब्रेक मारल्यावर वाढतो, ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा. मोजायला ट्रेलरचं पुढचं टोक प्रवासात असतं तेवढ्याच उंचीवर एखाद्या वजनकाट्यावर ठेवा. कमी भरलं तर विंच पोस्ट दोन-चार इंच पुढे सरकवून बोट पुढे घ्या, सामान पुढे टाकून भागवू नका. तुम्हाला गावातल्या गावातच जायचंय म्हणून एवढं कडक नाही, पण हीच बोट कधी रिपेअरला गगनबावडा किंवा फोंडा घाटाने वर नेणार असाल तर ब्रेक नसलेल्या ट्रेलरसोबत उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरलाच राहायचं. निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर थांबून बेल्ट आणि हब एकदा बघायचे, फायबर बसतं आणि बेल्ट ढिले पडतातच.

घरी आल्यावर पहिल्यांदा गोडं पाणी. ट्रेलरवर, स्प्रिंगवर, यू-बोल्टवर, हबवर, विंचवर भरपूर. इंजिनाला मफ (नळाचं पाणी आत सोडायच्या रबरी वाट्या) लावून नळाच्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा आणि शेवटी पाणी चालूच ठेवून पेट्रोलची नळी काढा, कार्ब्युरेटरमधलं सगळं पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडू दे. पावसाळाभर ऑइलमिश्रित पेट्रोल जेटमध्ये राहिलं की चिकट होतं. इंजिन खाली, उभं करून ठेवा, आडवं नाही, आत पाणी साचायला नको. ट्रेलरच्या चॅसीखाली चिरे लावून चाकांवरचं वजन काढा, पुढचं टोक थोडं उंच ठेवा, बूच काढलेलंच. वरून ताडपत्री उतार देऊन. आणि जागा निवडताना वर बघा, माडाखाली लावू नका, एक नारळ फायबरच्या डेकला पुरतो.

एक काम मात्र आत्ताच करा, बोट काढायच्या आधी. बंकच्या फळ्या ट्रान्समच्या अगदी काठापर्यंत पोचतात का हे बघायला पाहिजे. फळी आखूड असेल आणि बोटीचा मागचा भाग हवेत राहत असेल तर चार महिने इंजिनाच्या वजनाने हलचा तळ तिथे हळूहळू वाकतो, मग बोट पाण्यात नाक खाली घालून पळते आणि ट्रेलरवर पण कधी सरळ बसत नाही. ट्रेलर आत्ता रिकामा असेल, तर विंच पोस्टच्या रबरापासून फळीच्या मागच्या टोकापर्यंत टेपने मोजा, आणि बोट पाण्यात असतानाच बो-आयपासून ट्रान्समपर्यंत दोरी धरून मोजा. दोन्ही आकडे कळवा, फळी वाढवायची की पोस्ट सरकवायचा ते सांगतो.